बटाट्याच्या काचऱ्यांची कुळकथा

आपल्या मंडळाचा पंचविसावा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा चिटणीसबाईंनी सभेत सांगितले की, यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने चार ओळी तरी लिहिल्याच पाहिजेत. कोणी कविता कबूल केली, कोणी अष्टविनायकाच्या यात्रेचे वर्णन. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही इतिहासावर लिहा. ग्रंथालयात सारख्या तुम्हीच दिसता." त्यावर थोडा हशा पिकला, आणि मीही हसले. मी सातवी शिकलेली बाई. किल्ले, लढाया नि तह यांवर मी काय लिहिणार! त्याच विचारात घरी आले, काचऱ्यांसाठी बटाटे चिरायला घेतले, आणि सुरीच चालेना. वाटले, ही हातातली वस्तू माझ्या ओळखीची आहे. हिचा इतिहास मला लिहिता येईल, आणि त्यात थोडा माझाही येईल.

बटाट्याची ओळख आपल्यापैकी कोणाला करून द्यायला नको. पाहुणे अवचित आले, बाजाराचा दिवस हुकला, महिनाअखेर आली, की आपण टोपलीत हात घालतो आणि तिथे बटाटा असतो. मंडळाची पहिली सहल गेली तेव्हा डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची पिवळी भाजीच होती. लग्नाच्या पंगतीत तो, गणपतीच्या आरतीनंतरच्या वड्यात तो, आजाऱ्याच्या ताटात तो, आणि एकादशीलाही तोच. मग सहज कोणालाही वाटेल की, हा आपल्याकडे पांडवांच्या काळापासून असावा. मलाही तसेच वाटे. परंतु आपल्या वाईतच ज्याचे काम झाले आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्या मराठी विश्वकोशात बटाट्याची नोंद वाचली, आणखी दोनचार पुस्तके चाळली, आणि कळले की हा पाहुणा फार लांबून आला आहे.

बटाट्याचे माहेर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. पेरू आणि बोलिव्हिया या दोन देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचे मोठे सरोवर आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे साडेबारा हजार फूट उंचीवर आहे. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. त्यावरून कल्पना करावी. त्या भागातील लोकांनी सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानटी बटाटा निवडून, लावून माणसाळवला. रानटी बटाटा कडू आणि काहीसा विषारी असतो. तो खाण्याजोगा करायला कित्येक पिढ्या लागल्या असतील.

तिथल्या लोकांची एक युक्ती वाचून मला आपल्या उन्हाळ्याच्या वाळवणाची आठवण झाली. कडक थंडीच्या दिवसांत ते बटाटे रात्री उघड्यावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हाने सैल पडतात. मग ते पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि खडखडीत वाळवतात. याला ते 'चुन्यो' म्हणतात, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. आपण गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत घालतो, पोराला राखणीला बसवतो, तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी बाई हेच करीत आली आहे, हे मनात आले की तिची नि माझी ओळख असल्यासारखे वाटते.

१५३२ साली स्पेनचे शिपाई पेरूत शिरले. त्यांना सोने हवे होते, ते त्यांनी लुटले. सोन्याबरोबर बटाटाही पुढे जहाजात चढला आणि सोळावे शतक संपण्याच्या आत युरोपात पोचला. सोने कुठल्या कुठे गेले, बटाटा मात्र राहिला. तथापि युरोपातील लोकांनी त्याला लगेच जवळ केले नाही. जमिनीखाली वाढणारी, ओबडधोबड अंगाची ही वस्तू खाल्ल्याने महारोग होतो, असाही समज काही ठिकाणी होता. फ्रान्समध्ये पारमांत्ये नावाचे एक औषधतज्ज्ञ होऊन गेले. ते युद्धात प्रशियाचे कैदी झाले असता त्यांना तुरुंगात बटाटाच खावा लागला. सुटून आल्यावर, आपण हे खाऊन जिवंत राहिलो तर इतरांनी का खाऊ नये, म्हणून त्यांनी जन्मभर बटाट्याचा प्रचार केला. त्यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात की, त्यांनी शेतावर दिवसा पहारा बसवला आणि रात्री मुद्दाम उठवला. मग लोकांना वाटले की राखण करण्याइतकी ही वस्तू मोलाची असणार, आणि त्यांनी ती चोरून नेऊन लावली. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, माणसाचा स्वभाव मात्र तीत बरोबर उतरला आहे.

आता नावाची गंमत ऐका. अँडीजमधील लोक बटाट्याला 'पापा' म्हणतात. 'बटाटा' हा शब्द मूळचा वेस्ट इंडीज बेटांवरचा, आणि तो होता रताळ्याचा! युरोपीय लोकांनी दोन्ही कंदांची गल्लत केली आणि धाकटीचे नाव थोरलीला पडावे तसे रताळ्याचे नाव बटाट्याला चिकटले. पोर्तुगीज लोकांनी तो शब्द आपल्या किनाऱ्यावर आणला. म्हणून मराठीत बटाटा, कोकणीत बटाटो, गुजरातीतही बटाटाच. उत्तरेकडे आणि बंगाल्यात त्याला आलू म्हणतात. तो शब्द आपल्या संस्कृतातल्या 'आलुक' शब्दावरून आलेला आहे, आणि आलुक म्हणजे पूर्वी कोणताही खाण्याचा कंद. म्हणजे उत्तरेने परक्या पाहुण्याला घरचे नाव दिले, आणि आपण त्याला त्याच्या आणणाऱ्याच्या नावाने हाक मारीत राहिलो.

पण किनाऱ्यावर उतरला म्हणून तो घाटावर लगेच चढला नाही. त्याची सर्वत्र लागवड होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रज अमदानीत. इथे आपल्या वाईकरांना जवळची वाटेल अशी एक हकीकत आहे. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठाणे वसले त्यानंतर लवकरच, म्हणजे १८३४ च्या सुमारास, तेथे चिनी आणि मलायी कैद्यांसाठी एक तुरुंग बांधण्यात आला. शंभर-सव्वाशे कैदी त्यात असत. १८६४ पर्यंत तो चालू होता. या कैद्यांना बागकाम उत्तम येत असे. त्यांनी तेथे बटाटे आणि विलायती भाज्या अशा काही पिकवल्या की, तेथला बाजार त्यांच्या मालाने भरू लागला. सातारा जिल्ह्याच्या १८८५ सालच्या जुन्या गॅझेटियरमध्ये या कैद्यांची हकीकत आहे. त्यांची नावे काही आपल्याला ठाऊक नाहीत. आपला मुलूख सोडून हजारो कोस दूर, पसरणीच्या घाटावरच्या धुक्यात बटाट्याला भर घालीत बसलेली ती माणसे माझ्या डोळ्यांपुढे येतात. फ्रान्सच्या लोकांना बटाटा एका कैद्याने पटवला आणि आपल्या डोंगरावर तो कैद्यांनीच वाढवला, हा योगायोग मला मोठा विलक्षण वाटला.

पुढे पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, मंचर, तळेगाव या बाजूला बटाट्याची शेती फोफावली. पुण्यामुंबईच्या बाजारात 'तळेगावचा बटाटा' असे नावच पडले. माझे माहेर याच बाजूचे, आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरचे. तिथे पावसाच्या पाण्यावर खरिपाचा बटाटा होतो. आषाढाच्या सुमारास लावायचा आणि दसऱ्या-दिवाळीला काढायचा. मी रांगायला शिकले ती बटाट्याच्या सरीतच म्हणा ना.

आमची आज्जी वारकरी. आळंदीची वारी तिने कधी चुकवली नाही, आणि एकादशी तर नाहीच नाही. एकदा मी तिला विचारले, "आज्जी, भात उपासाला चालत न्हाई, मग बटाटा कसा चालतो?" ती म्हणाली, "अगं पोरी, रुशीमुनी कंदमुळंच खायाचे नव्हं? बटाटा बी कंदच." मला वाटते, हेच त्याचे उत्तर असावे. शास्त्रे लिहिली गेली तेव्हा बटाटा इकडे नव्हताच, म्हणून त्याला कोणी निषिद्धही ठरवले नव्हते. धान्य नको आणि कंद चालेल, या फटीतून तो आत शिरला आणि थेट पाटावर जाऊन बसला.

मैत्रिणींनो, पुढच्या एकादशीला आपल्या ताटाकडे नीट पाहा. बटाटा अमेरिकेतला. रताळेही तिकडचेच. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून करतात तोही तिकडचा. शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची, आणि राजगिराही मूळचा तिकडचाच. वरीचे तांदूळ, तूप, जिरे आणि खोबरे एवढेच काय ते आपल्याकडचे जुने. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' अशी म्हण आपल्याकडे आहे. ते दुप्पट खायला सगळे अमेरिकेहून आले, असे आता म्हणावे लागेल. यात कोणाच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा हेतू नाही. उलट मला आपल्या आज्या-पणज्यांचे कौतुक वाटते. सोवळ्याओवळ्याच्या त्या दिवसांत परक्या मुलखातली वस्तू त्यांनी हातात घेतली, धुतली, चिरली, तुपाजिऱ्याच्या फोडणीत टाकली आणि तिला देवापुढे ठेवण्याजोगी केली. हे कोणत्या राजाच्या हुकुमाने झाले नाही. घरोघरच्या चुलीपुढे झाले. त्या बायांपैकी एकीचेही नाव कुठे लिहिलेले नाही.

आता त्या काचऱ्यांकडे येते. पण त्याआधी एक दुःखाची गोष्ट सांगायला हवी.

आयर्लंड नावाच्या बेटावर गोरगरिबांचा बटाटा हाच सकाळ-संध्याकाळचा घास झाला होता. जमीन थोडी, खंड भारी. एवढ्याशा तुकड्यात कुटुंब पोसायचे तर बटाट्यावाचून दुसरे पीक नव्हते. त्यातही सगळीकडे बहुतेक एकाच जातीचा बटाटा लावलेला. बटाटा आपण बी पेरून लावीत नाही, डोळा असलेली फोड लावतो; त्यामुळे एका जातीचे सारे बटाटे म्हणजे जणू एकच झाड. एकाला बाधले की सर्वांना बाधते. १८४५ साली तेथे एक रोग आला. पानांवर काळे ओलसर डाग पडले, शेतांना कुजका वास सुटला, आणि जमिनीतले बटाटे सडून गेले. पुढची तीनचार वर्षे हेच चालले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. वाईट याचे वाटते की, त्याच काळात त्या बेटावरून धान्य भरलेली जहाजे बाहेर जातच होती. धान्य होते, पण ते विकत घ्यायला गरिबांपाशी पैसा नव्हता.

हे मी वाचले ते गेल्या वर्षी. माझी थोरली मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. तिच्या पुस्तकात बटाट्याच्या पानाचे एक चित्र होते. मी सहज पाहिले आणि माझे हातपाय गार पडले. ते पान मी पाहिले होते.

१९९३ साली मी सातवीत होते. भाद्रपदाचे दिवस. सात-आठ दिवस ऊन असे पडलेच नाही. धुके, झिमझिम पाऊस आणि गारठा. आमचा दीड एकर बटाटा होता. बियाणे उधारीवर आणलेले. एके सकाळी दादा, म्हणजे माझे वडील, शेतावरून आले ते बोललेच नाहीत. मी त्यांच्या न्याहारीचे भांडे घेऊन गेले, तर पानांवर काळे डाग, पानाच्या पाठीला पांढरी बुरशी, आणि साऱ्या वावराला घाण वास. लोक म्हणाले, करपा पडला. आठ दिवसांत हिरवे रान जळल्यासारखे काळे झाले. काढणीला गेलो तेव्हा वरून बरा दिसणारा बटाटा हातात घेतला तर आत तपकिरी. त्याच महिन्याच्या अखेरीस किल्लारीचा भूकंप झाला. रेडिओवर ते ऐकून दादा म्हणाले, "लोकांची माणसं गेली, घरं गेली. आपला तर बटाटाच गेला." असे म्हणून ते उठले आणि गोठ्यात जाऊन बराच वेळ बसून राहिले.

बियाण्याची उधारी फेडायची होती. आई दुसऱ्यांच्या मळ्यात रोजाने जाऊ लागली, आणि घरची चूल माझ्याकडे आली. मी सातवी पास झाले. आठवीसाठी दुसऱ्या गावी जावे लागे. पास, पुस्तके, वह्या सगळेच आले. दादा म्हणाले, "औंदा ऱ्हाऊ दे. पुढल्या वर्षी बघू." पुढले वर्ष आले, पण तोवर धाकट्या दोघांची शाळा होती, आणि मला स्वयंपाक येत होता. दादांना मी कधी दोष दिला नाही. पण त्यांनी स्वतःला दिला. आज्जी म्हणे, रानाला दृष्ट लागली. दादा म्हणत, माझ्याच हातून काही चुकले असेल.

त्या दिवसांत आज्जीने मला पहिली भाजी शिकवली, ती काचऱ्यांची. अर्धे सडलेले बटाटे पोत्यात होते. बाजारात त्यांना कोणी विचारीना. आज्जी विळीवर बसून दाखवायची, "पातळ काप कर बाये. पातळ कापलं म्हंजे आतलं किडकं दिसतं. वाईट तेवढं काढ, चांगलं तेवढं ठेव." काचऱ्या पातळ का कापायच्या, हे मला असे कळले. एका पाटीभर बटाट्यांतून एक ताटली चांगले काप निघत. आम्ही सात माणसे ते बाजरीच्या भाकरीशी खात असू. आज्जी म्हणे, "बटाटा लई गरीब. ज्याच्या घरी जाईल त्याचा व्हतो."

तीस वर्षांनी मुलीने मला तिच्या पुस्तकातून वाचून दाखवले की, आयर्लंडमध्ये १८४५ साली आला तो रोग आणि आपल्याकडचा उशिरा येणारा करपा हा एकच रोग आहे. त्याचे शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. थंड, दमट, ढगाळ हवा मिळाली की तो पसरतो आणि आठवड्याभरात शेत बसवतो. मी तिला पुन्हा एकदा वाचायला लावले. मग माहेरी फोन लावला आणि दादांना सांगितले, "दादा, ती दृष्ट नव्हती. तुमचं काही चुकलंही नव्हतं. तो रोग साऱ्या जगभर फिरलाय, त्यानं अख्खा एक मुलूख उठवलाय." दादा आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तवाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." इतिहास कशासाठी शिकायचा, हे मला त्या दिवशी समजले. जे आपण आपले नशीब म्हणून मुकाट्याने सोसतो, त्याला पुष्कळदा नाव असते, कारण असते, आणि उपायही असतो.

उपाय करणारेही झाले आहेत. आपल्या देशात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्याला निघाली आणि १९५६ साली सिमल्यास गेली. तिथून जवळच कुफरी नावाचे गाव आहे. संस्थेने काढलेल्या वाणांना त्या गावाचे नाव देतात. १९६८ साली निघालेला कुफरी ज्योती हा वाण करप्याला टक्कर देणारा म्हणूनच काढला होता. कालांतराने त्याची ती ताकद कमी झाली, म्हणून नवे वाण काढावे लागतात. रोगही बदलतो आणि माणसालाही बदलत राहावे लागते. आज बटाट्याच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल आपला देश आहे. जो बटाटा दोनशे वर्षांपूर्वी आपल्या घाटावर कोणी फारसा ओळखत नव्हते, त्याचे हे भाग्य.

चुलीवरून स्टोव्हवर आणि स्टोव्हवरून गॅसवर काचऱ्यांची कढई कशी चढली, तेही थोडक्यात सांगते. आज्जीची चूल मातीची. तिच्यापुढे बसून डोळ्यांचे पाणी खळत नसे. हवा भरायचा पितळी स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थांनी काढला. प्रायमस हे त्याचे नाव आपल्या घराघरांत गेले. पिन मारा, पंप मारा, की निळी ज्योत भरभर करू लागे. त्याने बायकांचा धूर वाचला, हे खरे. पण त्याच स्टोव्हच्या भडक्यात किती सुना गेल्या, आणि त्यांतले सगळेच भडके काही आपोआप झाले नव्हते, हेही इतिहासात लिहिले पाहिजे. बायकांनी मोर्चे काढले, आवाज उठवला, तेव्हा १९८३ साली सुनेचा छळ हा गुन्हा ठरवणारे ४९८ अ हे कलम त्या वेळच्या दंडसंहितेत आले. त्या मोर्च्यांत आपल्यासारख्याच मंडळांच्या बायका होत्या.

मी २००० साली लग्न होऊन वाईस आले. तेव्हा घरी गॅस होता, पण सिलिंडर संपला की दुसरा येईपर्यंत सासूबाई वातीचा स्टोव्ह काढीत. पहिल्याच आठवड्यात सिलिंडर संपला आणि मला भाजी करायला सांगितले. मी काचऱ्या केल्या. सासूबाई घास घेऊन एवढेच म्हणाल्या, "हाताला चव आहे हो." माझ्या शिक्षणाची चौकशी त्या घरात त्यानंतर कोणी केली नाही, चव पुरेशी झाली.

त्या काचऱ्यांची कृती देते. पाककृतीचे पान वेगळे आहे, पण चिटणीसबाई रागावणार नाहीत अशी आशा आहे. चार माणसांना अर्धा किलो बटाटे घ्यावेत. हिरवट पडलेला भाग आणि कोंब काढून टाकावेत. ते पोटाला अपायकारक असतात. साल काढून, उभे दोन भाग करून, पातळ अर्धचंद्राकृती काप करावेत आणि लगेच पाण्यात टाकावेत, म्हणजे काळे पडत नाहीत. दोन पाण्यांनी धुवावेत. त्याने पिठूळपणा निघून जातो आणि काप एकमेकांना चिकटत नाहीत. मग चाळणीत चांगले निथळू द्यावेत. लोखंडी कढईत तीन मोठे चमचे तेल तापवावे. मोहरी तडतडली की हिंग घालावा, नंतर हळद; हळद आधी घातली तर जळते. लगेच काप टाकून हलक्या हाताने परतावेत, म्हणजे प्रत्येकाला तेल लागते. पाणी घालू नये. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजू द्यावेत. मध्ये एकदोनदा उलथन्याने खालवर करावेत. काप मऊ झाले की मीठ, लाल तिखट आणि चिमूटभर साखर घालावी. मग झाकण काढून पाचसहा मिनिटे तसेच राहू द्यावे. सारखे हलवू नये. कडा तांबूस आणि कुरकुरीत झाल्या की उतरवावे. वरून कोथिंबीर असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही.

कृती एवढीच. पण आता मी कढई चढवते तेव्हा टिटिकाकाकाठी बटाटे तुडवणारी बाई, महाबळेश्वरच्या तुरुंगातले ते चिनी बागवान, आयर्लंडच्या काळ्या पडलेल्या शेतात उभी असलेली कोणी आई, आणि विळीवर बसलेली माझी आज्जी, अशी सारी मंडळी माझ्या स्वयंपाकघरात येतात.

शेवटी एक गोष्ट सांगून पुरे करते. बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरतात, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. मी तो भरायचे ठरवले आहे. गणित मुलगी शिकवणार आहे, इंग्रजीची भीती आहे, इतिहासाची मात्र राहिलेली नाही. आपल्या मंडळात माझ्यासारख्या आणखी कोणाची शाळा कुठल्या ना कुठल्या करप्याने गेली असेल, तर तिने लाजू नये. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मंडळाची खोली मोकळी असते. चिटणीसबाईंनी किल्ली द्यायचे कबूल केले आहे. आपण मिळून बसू. चहाबरोबर काचऱ्या मी आणीन.